बाजारावर सोडून ही घरं सावरत नाहीत

'कर्ज थकल्यामुळे बँकांनी जप्त केलेली घरं सरकारने कशाला घ्यायची, बाजार बघून घेईल' हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. २००८ च्या सुमाराचं अमेरिकेतलं क्लीव्हलंड शहर आठवा. बँकेने ताबा घेतलेलं घर रिकामं राहिलं की चोर भिंती फोडून तांब्याचे पाइप कापून न्यायचे. मग तळघरात पाणी, भिंतींवर बुरशी. अशा घरावर कर्ज मिळणं मुश्किल, म्हणजे साध्या कुटुंबाला ते घेताच येत नाही. रोख पैसेवाला येतो, डागडुजी न करता भाड्याने देतो. शेजाऱ्यांच्या घरांची किंमतही घसरते ती वेगळीच.

म्हणून अमेरिकेच्या २००८ च्या कायद्याने अशी घरं विकत घेऊन दुरुस्त करायला राज्यांना आणि शहरांना ३.९२ अब्ज डॉलर दिले गेले. त्यातली एक अट मला फार मोलाची वाटते: घर राहायला घेणाऱ्याला विकताना खरेदी आणि दुरुस्तीच्या एकूण खर्चावर एक डॉलरही चढवायचा नाही. शिवाय घेणाऱ्याला घरखरेदीबद्दल आठ तासांचं समुपदेशन सक्तीचं, आणि किमान पाव निधी सर्वांत कमी उत्पन्नवाल्यांसाठी.

चुकलं ते मुदतीत. अठरा महिन्यांत पैसे कुठे लावायचे हे ठरवायचं, तेही बँकांशी एकेका घराची घासाघीस करत! लहान पालिकांची त्यात दमछाक होणारच.