सामना: डॉक्टर लागू की निळूभाऊ? माझं मत निळूभाऊंना, या भांडायला

फोंडेकार
सामना पिक्चरचा विषय निघाला की सगळे डॉ. लागूंचंच नाव घेतात, मारुती कांबळेचं काय झालं एवढा एक डायलॉग सगळ्यांना पाठ असतो, पण तो प्रश्न ज्याला विचारलाय त्याच्या तोंडाकडे कोणी बघतं का? ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, साखर कारखान्यासकट अख्खं गाव खिशात घातलेला हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) एका दारुड्या मास्तरला (डॉ. लागू) घरी आसरा देतो आणि हा जुना गांधीवादी म्हातारा त्याचंच खाऊन पिऊन त्यालाच विचारत सुटतो की तो मारुती कांबळे गेला कुठे. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचा पिक्चर. माझं म्हणणं असं की तो पिक्चर निळू फुल्यांनी खाल्लाय. डॉक्टर नाटक करतायत, उत्तम करतायत पण नाटकच, आणि निळूभाऊ सिनेमा करतायत.
आपण गोंयकार जत्रेतली, काल्याची नाटकं बघत वाढलो म्हणून कोणी पल्लेदार वाक्य एका दमात फेकलं की आपला हात आपोआप टाळीला जातो. देवळासमोरच्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर आवाज चढवावाच लागतो, पण कॅमेरा तोंडासमोर असताना कशाला? निळूभाऊ बघा, डोळे अर्धे मिटलेले, मान सावकाश वळते, आवाज घशातच घोटाळतो आणि तरी समोरचा माणूस घाबरतो.

म्हापशेकर_बाब
अरे देवा, परत हेच. डॉक्टरांचा मास्तर दारूत बुडलेला आहे रे, तो मोठ्याने बोलणार नाही तर काय कानात कुजबुजणार? एकच प्रश्न इतक्या वेळा विचारायचा आणि दर वेळी वेगळा वाटला पाहिजे, आधी भाबडा, मग चिकट, मग पार डोक्यात जाणारा, हे करून दाखव कोणाला तरी. आणि डॉक्टरांना गप्प बसता येत नाही असं तुला वाटत असेल तर पिंजरा बघ, 1972 चा, शांतारामबापूंचा. स्वतःच्याच खुनाचा आरोप स्वतःवर घेतो तो मास्तर आणि मीच तो गुरुजी हे शेवटपर्यंत सांगत नाही, कारण गावाने त्याला देव करून ठेवलाय ती प्रतिमा मोडायची नाही. तिथे कुठली संवादफेक दिसली तुला?

काणकोणचो_नाटक्या
मी स्वतः आमच्या गावच्या उत्सवात काम करतो म्हणून थोडं झोंबलं. फोंडेकार, तुझी विभागणीच चुकीची आहे कारण निळू फुले सिनेमातून आलेच नाहीत, ते सेवादलाच्या कलापथकातून आणि लोकनाट्यातून आले, कथा अकलेच्या कांद्याची गाजवलं आणि मग 1968 ला एक गाव बारा भानगडीतला झेलेअण्णा मिळाला. वर 1972 ला सखाराम बाइंडरचा सखाराम कोणी केला? त्यांनीच. जो माणूस ते नाटक स्टेजवर पेलतो त्याला तू नाटकाच्या विरुद्ध साक्षीदार म्हणून उभा करतोयस. आणि वाड्यावर या करणाऱ्या मिमिक्रीवाल्यांनी त्यांची जी वाट लावलीय त्याबद्दल तर बोलायलाच नको.

फोंडेकार
@काणकोणचो_नाटक्या ते कुठून आले हा मुद्दाच नाही, कॅमेऱ्यासमोर आल्यावर काय सोडून दिलं हा मुद्दा आहे. सिंहासन घे, 1979. निळूभाऊंचा दिगू टिपणीस पत्रकार, पूर्ण पिक्चरभर ऐकतो, बघतो, सिगरेट ओढतो. मंत्री, युनियनवाले, स्मगलर सगळे बोलतायत आणि हा फक्त साठवत जातो.

म्हापशेकर_बाब
आणि शेवटी काय करतो? रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. मराठी सिनेमातला सगळ्यात नाटकी शेवट आहे तो, आणि तोच तुला आवडतो 😄

फोंडेकार
तो हसतो तेव्हा अंगावर येतं कारण तोवर तो गप्प होता. पहिल्या रिळापासून हसला असता तर कोणी विचारलं नसतं.

मडगांवची_माय
सगळे पुरुष एकमेकांना पुरुषांचीच नावं सांगतायत, चालू दे. मी एक नाव टाकते, ललिता पवार. बाई मूकपटापासून काम करत होत्या, म्हणजे आवाज नव्हताच तेव्हापासून, त्यामुळे स्टेजचं की कॅमेऱ्याचं हे तुमचं भांडण त्यांना लागूच होत नाही. 1942 ला शूटिंगमध्ये भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डोळा कायमचा अधू झाला, हिरॉइनचं करिअर संपलं. पुढे त्याच डोळ्यावर खाष्ट सासू म्हणून अख्ख्या देशाला घाबरवलं.
पण माझ्यासाठी त्या म्हणजे 1959 च्या अनाडीतल्या मिसेस डिसा. हिंदी पिक्चरवाल्यांचा आपल्याकडचा ख्रिश्चन कसा असतो माहितीये ना, हातात बाटली, तोंडात मेरेको तेरेको, बॉबीतला प्रेमनाथचा जॅक ब्रगांझासुद्धा फार लांब नाही त्यापासून. मिसेस डिसा भाड्यावरून राज कपूरला झाडते आणि त्याच दमात त्याची काळजी करते, फ्रॉक घालून वावरते ती नकल वाटत नाही. येवल्याकडची मराठी बाई आणि आमच्या वाड्यावरच्या आंटीसारखी दिसते गो! आणि शेवटी ती मरते ती त्याच कंपनीच्या खराब औषधाने जिथे हा पोरगा नोकरीला असतो. ती गेल्यावर घर रिकामं वाटतं, राज कपूर काय करतो ते मला आठवत पण नाही.

काणकोणचो_नाटक्या
माय, हे बेस्ट. पण हा धागा सामनाचा आहे 😅

मडगांवची_माय
धागा सामनाचा, मग सामन्यातलंच सांगते. कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे हे गाणं लागतं तेव्हा तुमचे दोन्ही हिरो माझ्या डोक्यातून जातात. आरती प्रभूंचे शब्द, चंदावरकरांची चाल. आरती प्रभू म्हणजे आपल्या शेजारच्या कुडाळचा माणूस, त्याचं नाव एकानेही घेतलं नाही अजून.

वास्को_नाईट_शो
उशिरा आलो. तुम्ही भांडताय पण ते दोघे भांडत नव्हते. एक कान-नाक-घशाचा डॉक्टर, एक पुण्यात माळीकाम केलेला, आणि सामाजिक कृतज्ञता निधीसाठी दोघांनी मिळून लग्नाची बेडी नाटकाचे प्रयोग केले, तनुजा पण होती त्यात.

म्हापशेकर_बाब
दोस्ती असू दे रे, दोस्तीचे मार्क वेगळे. मला एवढंच सांगा, डॉक्टरांच्या जागी दुसरा कोणी मास्तर असता तर तुमचा हिंदुराव घाबरला असता कोणाला?

फोंडेकार
आणि घाबरलेला दिसला कोणाच्या चेहऱ्यावर?