दुकानाच्या दारात तात्पुरता पूररोधक अडसर बसवावा का? (वेदगंगा काठ, निपाणी तालुका)

वेदगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचे किराणा आणि खत-बियाण्यांचे दुकान वेदगंगेपासून पाऊण किलोमीटरवर आहे. खाली दुकान, मागे गोदाम आणि वर घर अशी रचना आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दुकानात साडेतीन फूट पाणी चढले आणि सहा दिवस हलले नाही. २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ पाणी येऊन पुणे–बेंगळुरू महामार्ग बंद पडला, तेव्हा आमच्याकडे दीड फूट पाणी दोन दिवस होते. दोन्ही वेळा साखर आणि डाळी माडीवर नेता आल्या, पण युरियाचे पंचेचाळीस किलोचे एकेक पोते जिन्यावरून किती नेणार? खालच्या थरातली पोती विरघळून नुसत्या पिशव्या हातात आल्या.

माझा मेहुणा अमेरिकेत फ्लोरिडातील टँपा शहरात असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथे हेलीन नावाचे चक्रीवादळ आले, तेव्हा खाडीकाठच्या टँपा जनरल हॉस्पिटलभोवती फळ्या जोडून तात्पुरती भिंत उभारली होती आणि बाहेर समुद्राचे पाणी असताना आतले आवार कोरडे राहिले, असे त्याने कळवले व चित्रफीतही पाठवली. ती पाहिल्यापासून डोक्यात तेच घोळत आहे. आपल्याकडे असे काही करता येईल का? वाळूची पोती पुरतील की दारात ॲल्युमिनियमच्या फळ्या बसवाव्यात? शटर आठ फूट रुंद आहे. गोदामाला तीन फुटांचे वेगळे दार आहे.

जुनाअभियंता, बेळगाव

मी पाटबंधाऱ्याच्या कामातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे आधी थोडे गणित मांडतो. साचलेले पाणी अडसराला ढकलते, आणि हा जोर पाण्याच्या उंचीच्या नव्हे, तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे उंची दुप्पट झाली की जोर चौपट. तुमच्या आठ फुटी शटरसमोर दीड फूट पाणी असेल तर एकूण जोर सुमारे अडीचशे किलोंचा असतो, आणि तेच पाणी तीन फूट झाले की जोर जवळजवळ एक टनावर जातो. शटरची पन्हाळी पट्टी आणि बाजूच्या खाचा हा भार घेण्यासाठी बनवलेल्या नसतात, म्हणून नुसत्या शटरला ताडपत्री चिकटवून भागत नाही.

तुम्ही पाहिलेली भिंत इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या फळ्यांची आहे. तिचा आडवा भाग पाण्याच्या बाजूला पसरलेला असतो, त्यामुळे पुराचे पाणीच त्यावर बसून भिंतीला खाली दाबते. कल्पना उत्तम आहे, परंतु तिला सपाट, टणक जमीन लागते, आणि ती संपूर्ण आवाराभोवती फिरवावी लागते. गल्लीतल्या एका दुकानासाठी ती कामाची नाही. पाणी भरून फुगवायच्या जाड नळ्यांचेही तसेच. त्यांना जागा फार लागते.

मात्र मुख्य फरक वेळेचा आहे. चक्रीवादळाच्या वाऱ्याने समुद्र किनाऱ्यावर चढतो, काही तास राहतो आणि उतरतो. आपल्याकडे वेदगंगा दूधगंगेला आणि दूधगंगा कृष्णेला मिळते; कृष्णाच दुथडी भरून वाहत असली की दूधगंगेच्या पाण्याला पुढे जायला वाट उरत नाही, मग तिचा आणि वेदगंगेचा फुगवटा मागे पसरतो आणि दिवसच्या दिवस तसाच राहतो. अडसर कितीही चांगला असला तरी तो थोडा पाझरतोच, आणि पाच तासांत बादलीभर येणारे पाणी पाच दिवसांत किती होईल याचा हिशेब तुम्हीच करा. त्यातून विटांच्या भिंतीचे सांधे मातीने भरलेले असतील तर पाणी दारातून नव्हे, भिंतीतून येते.

अमेरिकेतील फेमा ही आपत्ती निवारणाची संस्था साधारण तीन फुटांपेक्षा अधिक पाणी इमारतीबाहेर अडवू नये असे सांगते. त्याहून वर बाहेरचा दाब आणि आतली पोकळी यांतील फरकाने भिंतच आत कोसळू शकते. म्हणून २०२१ सारखा पूर अडवा, २०१९ सारखा अडवू नका. अडसर अडीच फुटांचाच ठेवा. पाणी त्यावरून जाणार असे दिसले तर स्वतःहून आत पाणी घ्या, शक्य असल्यास टाकीतले स्वच्छ पाणी आधी भरा. ऐकायला विचित्र वाटते, पण भिंत वाचली तर दुकान वाचते.

शहापूरचा छापखाना

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु माझ्या अनुभवात फसगत वेगळ्याच ठिकाणी झाली. आमचा छापखाना बळ्ळारी नाल्याच्या बाजूला आहे. २०१९ च्या पुरात कागदाची रिमे लगद्यासारखी झाली, म्हणून पुढच्या वर्षी एका फॅब्रिकेशनवाल्याकडून दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनल बसवून घेतले आणि त्यात सरकवायच्या चार फळ्या करून घेतल्या. त्या माणसाने रबराची पट्टी खालच्या फळीलाच लावली, दोन फळ्यांमधल्या सांध्यांना लावली नाही, आणि मीही पाहिले नाही. पुढे जोराचा पाऊस झाला. बाहेर फूटभर पाणी होते. सांध्यांतून पाणी ठिबकत होते, पण त्याची फारशी धास्ती नव्हती. मी कंदील घेऊन आत उभा होतो. तेवढ्यात मागून गुडगुड असा आवाज आला. मोरीची जाळी पाण्याने उचलली गेली होती आणि काळे पाणी फरशीवर पसरत होते. फळ्या जागच्या जागी, दार जवळजवळ कोरडे, आणि गटारातून घरात पूर!

त्यामुळे अडसराआधी मोरी आणि संडास यांच्या बाहेर जाणाऱ्या नळीवर एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसवा, किंवा किमान फुगवून बसवायचा रबरी गोळा किंवा मातीचे पोते आणि वर जड दगड असे काही तयार ठेवा. व्हॉल्व्ह असला तरी तो दर मे महिन्यात उघडून त्यातला कचरा काढावा लागतो; एक चिंधी अडकली तरी तो मिटत नाही.

दुसरी गोष्ट पंपाची. पूर आला की हेस्कॉम ही आपली वीज कंपनी सुरक्षिततेसाठी वीज बंद करते, त्यामुळे विजेची मोटार शोभेची होते. छोटे डिझेल इंजिन ठेवा. पण ते दुकानात चालवू नका, धुराने माणूस गुदमरून मरतो. इंजिन माडीवरच्या गॅलरीत आणि पाइप खाली, अशी सोय करा. बाकी पोत्यांमध्ये आसरा घेतलेल्या सापांबद्दल मी येथे लिहीत नाही; ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक आहे.

खानापूरची लेक

दादा, मी गेली अकरा वर्षे फ्लोरिडात राहते, म्हणून तिकडची बाजू थोडी सांगते. येथे वादळाचे नाव, मार्ग आणि किनाऱ्याला लागण्याची अंदाजे वेळ तीन-चार दिवस आधीपासून कळत जाते. पालिकेसारख्या स्थानिक यंत्रणा वाळू आणि रिकामी पोती फुकट ठेवतात, आणि प्रत्येक कुटुंबाला ठरावीक संख्येनेच मिळतात. फावडे आपण न्यायचे. जेवढी पोती मिळतात तेवढ्यांत एखादे दार जेमतेम झाकता येते, आणि खरे सांगायचे तर बहुतेक लोक ती चुकीची रचतात.

योग्य पद्धत अशी आहे. पोते गच्च भरायचे नाही, अर्धे ते दोन तृतीयांशच भरायचे, म्हणजे ते दाबले की पसरते आणि फट बुजते. तोंड शिवायचे किंवा बांधायचे नाही, तर मुडपून पोत्याखाली घ्यायचे. विटांसारखा सांधा चुकवून रचायचे आणि प्रत्येक थर पायाने तुडवायचा. पाण्याकडच्या बाजूला ताडपत्री किंवा सिलपॉलिन, आणि तिची खालची कड पोत्यांखाली दाबलेली. पाया उंचीच्या तिप्पट लागतो. दोन फूट उंचीसाठी सहा फूट रुंद पाया, म्हणजे तुमच्या शटरसमोर अर्धी गल्ली अडेल. युरियाच्या रिकाम्या पिशव्या वापरल्या तरी चालतील, तुमच्याकडे त्यांना तोटा नाही. पण दहा फूट लांबीलाही ढीगभर भरलेली पोती लागतील हे धरून चाला, आणि ती भरायला माणसे कोठून आणणार हेही ठरवा. पुराच्या घाण पाण्यात भिजलेली पोती नंतर अंगणात पसरू नयेत, मुले त्या वाळूत खेळतात.

टँपाच्या त्या हॉस्पिटलबद्दल एक खुलासा. ते बेटावर आहे आणि ती भिंत समुद्रसपाटीपासून १५ फुटांपर्यंतच्या पाण्यासाठी उभारलेली यंत्रणा आहे. ती दरवेळी उभारायला प्रशिक्षित माणसे असतात. पुढच्याच महिन्यात मिल्टन वादळासाठी ती पुन्हा उभारली गेली. फळ्या जितक्या महत्त्वाच्या, तितकीच ती माणसे महत्त्वाची.

वेदगंगाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. छापखानावाल्यांनी मोरीचे सांगितले आणि मी तडक मागे जाऊन पाहिले. आमची मोरी बाहेरच्या गटाराच्या पातळीपेक्षा खालीच आहे. दुसरी अडचण आज लक्षात आली. आमच्या रांगेत पाच दुकाने आहेत आणि भिंती सामाईक आहेत. मी एकट्याने अडसर बसवला आणि शेजारच्या चपलांच्या दुकानात पाणी शिरले, तर सामाईक भिंत दुसऱ्या बाजूने भिजेल. शिवाय पाणी माझ्या दारातून वळून त्यांच्या दारात अधिक जाईल का, याचीही चिंता आहे. ते आमचे काका लागतात.

जुनाअभियंता, बेळगाव

एका दुकानाच्या दारातील फळीने पुराची पातळी वाढत नाही. मोकळ्या गल्लीत किंवा रस्त्यावर आडवा बांध घातला तर मात्र पाणी दुसऱ्याच्या दारात ढकलले जाते, आणि त्याला ग्रामपंचायतीची परवानगीही हवी. त्यामुळे तुम्ही फळ्या दारातच ठेवा आणि काकांनाही बरोबर घ्या. पाचही दुकानांनी एकाच मापाचे चॅनल बसवले तर वेल्डर स्वस्तात करेल आणि फळ्या अदलाबदल करता येतील. सामाईक भिंतीच्या तळाला दोन्ही बाजूंनी तीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घ्या.

जमिनीखालील पाण्याची टाकी असेल तर पूर येण्याआधी ती पूर्ण भरून ठेवा. रिकामी टाकी वर येणाऱ्या भूजलाने उचलली जाऊन तडकते. आणि रांगेत कोणाचे तळघर असेल तर पूर ओसरल्यावर ते एका दिवसात उपसू नका. रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढा, नाहीतर बाहेरची ओली माती भिंत आत लोटते.

केव्हा बसवायचे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण खरी अडचण तीच असते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ती वेगळी नदी असली तरी तिचे पाणी कृष्णेत जाते, म्हणून तिचा आकडा आपल्याकडचा फुगवटा किती दिवस टिकेल याचा अंदाज देतो. त्याबरोबर वेदगंगेवरील पाटगाव आणि दूधगंगेवरील काळम्मावाडी या धरणांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या बातम्या पाहत जा. ३९ फूट झाले की खत हलवायला सुरुवात करा, आणि फळ्या त्याच दिवशी बसवा. अंधारात आणि पाण्यात उभे राहून नट आवळणे मी केले आहे, एका हाताने टॉर्च धरून.

वेदगंगाकाठ

काकांशी आज बोलणे झाले. त्यांचे पहिले म्हणणे होते, "एवढे करून पाणी आलेच तर?" मी त्यांना २०२१ ची रेघ दाखवली, ती अजून भिंतीवर आहे, दीड फुटांवर. पाचपैकी तीन दुकाने तयार झाली आहेत. रविवारी वेल्डर माप घ्यायला येतो आहे, आणि मोरीच्या व्हॉल्व्हसाठी प्लंबरला बोलावले आहे. खताची पोती मात्र यापुढे दगडी कट्ट्यावर चार फुटांच्या लोखंडी घोडीवरच रचणार आहे, अडसर असो वा नसो. आणि पाना फळ्यांनाच तारेने बांधून ठेवणार आहे, कारण पुराच्या रात्री आमच्या घरात सर्वांत आधी तोच हरवतो.