बहिणीचं लग्न ९ दिवसांवर, कपाळभर पुळ्या. मदत हवी आहे

भुसावळची_मी
प्रोबायोटिक, म्हणजे 'चांगले जंतू'वालं, सीरम लावायला लागले तेव्हापासून कपाळावर बारीक पुळ्या. खाजतात पण. काय लावू ते पटकन सांगा. 'डॉक्टरला दाखव' सोडून सांगा, घर पाहुण्यांनी भरलंय.

औषधवाला_जळगाव
कोणतं सीरम? किती दिवस? सोबत अजून काय लावता? बाटलीमागची यादी टाका.

सावद्याची_काकू
बाटल्या कशाला गं! कुरडयांचा गहू भिजवतो ना, तिसऱ्या दिवशी वरचं आंबूस पाणी निघतं, ते लाव. आमच्या आत्याचे हात ऐंशीव्या वर्षी पण लोण्यासारखे होते.

औषधवाला_जळगाव
काकू, त्या पाण्यात कोणते जंतू वाढलेत ते ना तुम्हाला माहीत ना मला. खाजत्या कपाळावर नकोच.

सावद्याची_काकू
आणि बाटलीतले जंतू काय गाळून येतात?

औषधवाला_जळगाव
गाळूनच येतात! सीरममध्ये जिवंत जंतू सहसा नसतातच. बाटली टिकावी म्हणून प्रिझर्वेटिव्ह घालतात, त्यात ते जगणार कसे? 'लायसेट' म्हणजे फोडलेल्या पेशी, 'फिल्ट्रेट' म्हणजे आंबवून गाळलेलं पाणी. प्रोबायोटिक हे नाव जाहिरातीचं.

भुसावळची_मी
मी पुळ्यांचं विचारलं होतं. गॅलॅक्टोमायसेस फर्मेंट फिल्ट्रेट लिहिलंय, शिवाय सेंटेला आणि ज्येष्ठमध. १८ दिवस झाले. बाकी फक्त फेसवॉश.

अमळनेरकर
सेंटेला म्हणजे आपली ब्राह्मी. कुंडीत लावा, ५०० रुपये वाचतील.

वनस्पतीवेडा
सेंटेला म्हणजे मंडूकपर्णी. ब्राह्मी वेगळी, ती बाकोपा.

अमळनेरकर
आमच्याकडे गोल पानाच्या वेलीलाच ब्राह्मी म्हणतात. पुस्तकातलं पुस्तकात ठेवा.

रावेरचा_केळीवाला
काय व्हयनं ताई? केळाचं साल आतून चोळा. बागेत या, साल फुकट, केळं पण फुकट.

औषधवाला_जळगाव
दादा, थांबा जरा. ताई, पुळ्या सगळ्या एकाच मापाच्या आहेत का? काळं टोक नाही, नुसत्या मोहरीएवढ्या? मुरुम सहसा एवढे खाजत नाहीत. आपल्या कातडीवर मालासेझिया नावाची बुरशी असतेच. उन्हाळ्यात, घामात ती केसांच्या मुळाशी माजते आणि असंच दिसतं. तुमच्या सीरममधलं गॅलॅक्टोमायसेस म्हणजे एक यीस्ट, काहींना त्याने ते वाढल्यासारखं वाटतं. सीरम आजच बंद करा. आणि पुन्हा विचारतो, दुसरी क्रीम नक्की नाही?

भुसावळची_मी
हो, मोहरीएवढ्याच. रात्री एक गोरं व्हायची ट्यूब लावते, पण ती ३ महिन्यांपासून. पार्लरवाल्या ताईंनी दिली. तिचा काय संबंध?

औषधवाला_जळगाव
पहिल्याच फेरीत विचारलं होतं ना! ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं काही?

भुसावळची_मी
मोमेटासोन. खाली हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन पण. लाल पट्ट्याच्या बाजूला काहीतरी बारीक लिहिलंय, ते मी कधी वाचलंच नाही.

औषधवाला_जळगाव
मोमेटासोन स्टेरॉइड आहे. तो लाल पट्टा म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. चिठ्ठीचा नियम २०१८ मध्ये अशा मलमांनाही लागला, तरी काउंटरवर सर्रास मिळतात, आमच्याच धंद्यातले लोक देतात. स्टेरॉइडने ही बुरशी वाढते, म्हणून बिचाऱ्या सीरमवर सगळा दोष टाकू नका. पण ३ महिन्यांनंतर ट्यूब एकदम सोडली तर चेहरा लाल होऊन आग होऊ शकते, ऐन हळदीत. कशी सोडायची ते डॉक्टरच सांगतील. तुम्ही नको म्हणालात ते माहीत आहे.

सावद्याची_काकू
पार्लरवालीला आधी जाब विचार.

अमळनेरकर
लग्नात भरीत आहे का?

वनस्पतीवेडा
मे महिन्यात भरीत? वांगी कुठली आणणार?

भुसावळची_मी
डॉक्टरकडे नंबर लावलाय, २७ वा. आत्ता ९ वा चालू आहे. ट्यूब पर्समध्ये आणलीय. आई विचारतेय, हळद लावायची की नाही?