बाळ हेराक्लीजला कमावलेले दंड कशाला?

वीररस (मूळ पोस्ट): ग्रीक पुराणातली देवांची राणी हेरा हिने पाठवलेल्या दोन सापांचे गळे आवळणारा बाळ हेराक्लीज लोक चित्रात गुबगुबीत काढतात. वीर आहे ना तो? छाती, दंड, पोट कमावलेलंच हवं.

कोळसाकांडी: साफ चूक. वर्षाच्या आतलं मूल उंचीला स्वतःची साधारण 4 डोकी भरतं, मोठा माणूस साडेसात. त्या बांध्यावर दंड चढवलेत की खुजा पहिलवान होतो. जोर मुठीत दाखवा. बाळाचे हात आखूड, वर केले तरी पंजे टाळूच्या जेमतेम वर जातात. म्हणून कोपर दुमडून साप अंगाजवळ घ्या. मूठ जबड्याच्या लगेच मागे. ती खाली घसरली की साप वळून चावू शकतो, पकड खोटी वाटते. आधी सापाची मधली रेषा मुठीच्या आरपार सलग काढा, मग बोटं. दोन्ही बाजू सुट्या काढल्या की साप तुटका दिसतो.

वीररस: पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात बर्लिन पेंटर या ग्रीक भांडी रंगवणाऱ्या चित्रकाराचं भांडं आहे, इ. स. पू. 480 च्या सुमाराचं. त्यावर बाळ म्हणजे छोटा पुरुषच. ग्रीकांना शिकवताय?

कोळसाकांडी: त्या काळच्या भांड्यांवर बहुतेक मुलं तशीच असतात, वीर असोत नसोत. तो शैलीचा भाग. तुम्ही छायेने उठाव देता, तिथे ते चालत नाही.

शाईदौत: भांडताय, पण वय कुणी ठरवलं? ही गोष्ट सांगणाऱ्या ग्रीक लेखकांपैकी कवी थिओक्रिटस 10 महिने सांगतो, अपोलोडोरस 8. कवी पिंडारकडे तर नुकतंच जन्मलेलं, केशरी दुपट्यात गुंडाळलेलं. आठ-दहा महिन्यांचं बसतं, नवजाताची मान धरत नाही. वयाप्रमाणे सगळी ठेवण बदलते.

कोळसाकांडी: पिंडार घेतलात तर मान लुळी काढायची? मग लढणार कसं?

शाईदौत: पिंडार नीट वाचा! त्याचं बाळ डोकं ताठ उचलतं. चमत्कार तिथेच आहे. अंग नवजाताचं, मान तेवढी ताठ. दंड फुगवलेत की तो चमत्कारच गेला.

वीररस: आणि थिओक्रिटसची ढाल? बाळं, म्हणजे हेराक्लीज आणि त्याचा जुळा भाऊ इफिक्लीज, आईचा नवरा अँफिट्रायॉन याच्या काशाच्या ढालीत निजवलेली असतात. सगळे लाकडी पाळणा काढतात, ते खटकत नाही?

शाईदौत: खटकतं, फार खटकतं. खोलगट ढालीत पाठीला बाक येतो, गुडघे वर येतात. काठाचा लंबगोल आधी आखा, नाहीतर बाळं हवेत तरंगतात. आणि इफिक्लीजला गाळू नका. तो घोंगडं लाथाडून रडतोय, म्हणून शेजारचं न घाबरणारं बाळ कळतं.

वीररस: ठीक, दंड सोडतो. इफिक्लीज असेल तर उठाव त्याच्यामुळे मिळेल, तुमच्या 4 डोक्यांमुळे नाही. भुवया मात्र आवळलेल्याच काढणार.

कोळसाकांडी: काढा. कपाळावर आठी नको, त्या वयाच्या कातडीखाली चरबी असते. भुवईच्या आतल्या टोकाला हलकी छाया पुरे.