राजभवनातून परतीचं तिकीट असावं का? (निमित्त: सुशीलकुमार शिंदे)

आडवाप्रश्न (धागाकर्ता)

ऑक्टोबर २००४. महाराष्ट्रात आघाडी पुन्हा निवडून आली. राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९. निवडणूक झाली तेव्हा मुख्यमंत्री होते सुशीलकुमार शिंदे, पण निकालानंतर खुर्ची मिळाली विलासराव देशमुखांना. शिंदे नोव्हेंबरात आंध्र प्रदेशचे राज्यपाल होऊन हैदराबादला गेले. तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचं एकच मत होतं: झालं, संपलं. राजभवन म्हणजे राजकारण्यांचा वानप्रस्थाश्रम. हार घ्यायचे, दीक्षान्त समारंभात भाषण करायचं आणि जुन्या आठवणी सांगायच्या.

तसं काही झालं नाही. जानेवारी २००६ मध्ये राजीनामा देऊन ते थेट केंद्रात ऊर्जामंत्री झाले आणि २०१२ मध्ये गृहमंत्री. म्हणजे राजभवन हे शेवटचं स्टेशन नव्हतं, गाडी बदलायचं जंक्शन होतं.

माझा आक्षेप माणसावर नाही, त्या सव्वा वर्षावर आहे. राज्यपाल राष्ट्रपतींना अहवाल पाठवतो, आणि त्यावर राज्य सरकार बरखास्त होऊ शकतं. बहुमत कोणाचं हे धूसर असेल तेव्हा कोणाला बोलवायचं हेही तोच ठरवतो. अशा माणसाला दिल्लीतल्या नेतृत्वाकडून उद्या मंत्रिपद मिळण्याची आशा असेल, तर तो कोणाचं ऐकेल? सोयरीक जुळवायला आलेला मध्यस्थ पुढच्या महिन्यात मुलाकडचा चुलता निघाला, तर मुलीकडच्यांना काय वाटेल?

हे एकटे शिंदेच नाहीत. अर्जुनसिंग १९८५ मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतल्याबरोबर पंजाबचे राज्यपाल झाले आणि त्याच वर्षी केंद्रात मंत्री. आपल्याकडे राज्यपाल असलेले एस. एम. कृष्णा मार्च २००८ मध्ये पद सोडून कर्नाटकच्या निवडणुकीच्या धामधुमीत उतरले आणि पुढच्या वर्षी परराष्ट्रमंत्री झाले. भाजपच्या बाजूला बेबी राणी मौर्य उत्तराखंडचं राजभवन सोडून उत्तर प्रदेशात मंत्री झाल्या. तमिळिसाई सौंदरराजन यांनी २०२४ मध्ये तेलंगणाचं राज्यपालपद सोडून चेन्नईतून लोकसभा लढवली, आणि पडल्या.

केंद्र-राज्य संबंधांवर १९८३ मध्ये नेमलेल्या सरकारिया आयोगाने सांगून ठेवलं होतं, की पद सोडल्यावर राज्यपालाने केंद्रात किंवा राज्यात दुसरं लाभाचं पद घेऊ नये. अपवाद फक्त पुन्हा राज्यपालपद किंवा उपराष्ट्रपती-राष्ट्रपतीपद. ते कोणी मनावर घेतलं नाही. मला वाटतं आता कायदाच हवा: राजभवनात एकदा पाऊल टाकलं की पक्षीय राजकारणाचं दार कायमचं बंद.

(कोश्यारींवर धागा नेऊ नका ही नम्र विनंती. ती चर्चा हजारदा झाली आहे.)

सिद्धेश्वरपेठ

सोलापूरकर आहे, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच कबूल करतो.

हा माणूस कोर्टात शिपाई होता. मग फौजदार झाला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत करमाळ्यातून आमदार. पुढे राज्याचा अर्थमंत्री. २००२ मध्ये उपराष्ट्रपतिपदाला उभे केले, तेही निवडून येणार नाही हे ठाऊक असताना. शेखावतांना ४५४ मतं, यांना ३०५. मग २००३ मध्ये मुख्यमंत्री, आणि निवडणूक जिंकल्यावर "आता तुम्ही हैदराबादला जा". गेले. तोंडातून ब्र काढला नाही. पक्षाने परत बोलावलं, आले. याला तुम्ही संधिसाधूपणा म्हणताय? आमच्याकडे याला शिस्त म्हणतात.

आणि वय बघा. जन्म १९४१ चा. २००४ मध्ये त्रेसष्ट. भारतीय राजकारणात त्रेसष्ट म्हणजे जेमतेम मिसरूड फुटलेलं असतं. त्या वयात माणसाला कायमचा संन्यास द्यायचा, तोही त्याने न मागता?

आडवाप्रश्न

सिद्धेश्वरपेठ, शिस्तच तर माझी अडचण आहे हो. पक्षाने जा म्हटलं की जाणारा आणि ये म्हटलं की येणारा माणूस मधल्या काळात पक्षाचा नव्हता, हे आंध्रातल्या विरोधी पक्षाने कशाच्या जोरावर मानायचं?

कायद्याचा_किडा

धागाकर्त्यांचा रोग बरोबर आहे, औषध चुकलं आहे.

कलम १५६ वाचा. राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो. व्यवहारात ही मर्जी म्हणजे केंद्र सरकारची. पाच वर्षांची मुदत लिहिलेली आहे, पण तिला संरक्षण शून्य. जुलै २००४ मध्ये नव्या सरकारने उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोवा इथल्या चार राज्यपालांना घरी पाठवलं. त्यावरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये म्हटलं, की केवळ केंद्रात सरकार बदललं म्हणून राज्यपाल काढता येणार नाही. मग २०१४ मध्ये काय झालं? आपले के. शंकरनारायणन यांची बदली मिझोरामला केली गेली, त्यांनी राजीनामा दिला. काढलं नाही, फक्त जागा दाखवली.

आता महालेखापरीक्षक बघा. त्याला निवृत्तीनंतर सरकारी पद घेता येत नाही, कलम १४८. पण त्या बदल्यात त्याला हटवायचं तर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला हटवायची तीच अवघड प्रक्रिया. हा सौदा आहे. एका हाताने संरक्षण, दुसऱ्या हाताने बंधन. राज्यपालाला तुम्ही बंधन देताय आणि संरक्षण देत नाही. ज्याला एका आदेशात घरी बसवता येतं त्याच्याकडून आजन्म संन्यास मागणं म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाला निवृत्तीचे नियम लावणं.

केंद्र-राज्य संबंधांवरच्याच पुंछी आयोगाने २०१० मध्ये हेच ओळखून पक्की पाच वर्षं आणि विधिमंडळाकरवी महाभियोग सुचवला होता. आधी ते करा, मग परतीचं दार बंद करा.

मी_आपली_साधी

किडेसाहेब, महालेखापरीक्षकाचं उदाहरण जरा जपून. टी. एन. चतुर्वेदी महालेखापरीक्षक होते, बोफोर्सचा अहवाल त्यांच्याच काळातला. नंतर ते भाजपचे राज्यसभा खासदार आणि पुढे कर्नाटकचे राज्यपाल झाले. तुमचा सौदा त्यांना काही आडवा आला नाही.

कायद्याचा_किडा

मान्य. निवडून येणं हे "सरकारी पद" धरलं जात नाही आणि राज्यपाल हा सरकारचा नोकर नाही, असं कोर्टाने १९७९ मध्येच सांगितलं. पळवाट आहे. ठिगळ लावायला हवं.

भांडारकर_रस्ता

सगळे मिळून एक नाव टाळताय आणि तेच नाव धाग्याचा मुद्दा खोडतं, म्हणून विनंती मोडतो.

भगतसिंह कोश्यारी. उत्तराखंडचे मुख्यमंत्री, मग राज्यसभा, लोकसभा, आणि २०१९ मध्ये आपल्याकडे. २३ नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी. विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या बारा नावांची सरकारची शिफारस नोव्हेंबर २०२० मध्ये गेली, ती उद्धव ठाकरे यांचं सरकार पडेपर्यंत तशीच पडून. जून २०२२ मध्ये बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं, आणि ११ मे २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने त्यासाठी राज्यपालांकडे पुरेसा आधार नव्हता असं म्हटलं. ठाकरे यांनी आधीच राजीनामा दिल्याने त्यांचं सरकार काही परत आलं नाही.

आता बघा: हे गृहस्थ राजभवन सोडून कुठे मंत्री झाले? कुठेच नाही. निवडणूकही लढवली नाही. म्हणजे परतीचं दार वापरलं नाही तरी व्हायचं ते झालंच. उलट शिंदे परतले, पण हैदराबादच्या सव्वा वर्षात त्यांच्यावरून कुठला घटनात्मक तमाशा झाल्याचं मला तरी आठवत नाही. धागाकर्त्यांचं सूत्र दोन्हीकडून उलटं पडतं.

आडवाप्रश्न

विनंती मोडलीत ती मोडलीत, मुद्दा मात्र चांगला काढलात. पण हैदराबाद शांत होतं कारण तिथे वाय. एस. राजशेखर रेड्डी मुख्यमंत्री होते, काँग्रेसचेच. केंद्रही काँग्रेसचं. घरच्याच लग्नात मध्यस्थाची परीक्षा कसली?

आणि आशेचं म्हणाल तर बुटासिंग आठवा. २००५ मध्ये बिहारची विधानसभा त्यांच्या अहवालावरून बरखास्त झाली, कोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली, जानेवारी २००६ मध्ये त्यांना जावं लागलं. योगायोगाने शिंदे दिल्लीत मंत्री झाले तोच हा महिना. २००७ मध्ये बुटासिंग राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाचे अध्यक्ष! कोर्टाचे ताशेरे बसले तरी सोय होते, हे बाकीचे राज्यपाल बघत नसतील का?

दक्षिणवारी

शिंदेंच्या बाबतीत मला खटकतं ते वेगळंच. १३ फेब्रुवारी २०१४ ला आंध्र प्रदेशच्या विभाजनाचं विधेयक लोकसभेत मांडलं ते गृहमंत्री म्हणून शिंदे यांनीच. त्या दिवशी एका खासदाराने सभागृहात मिरपुडीचा फवारा मारला होता. ज्या राज्याच्या राजभवनात हा माणूस राहिला, त्याच राज्याचे दोन तुकडे करणारा कागद त्याच्या हातात. तेलुगू मित्र अजून टोमणा मारतात.

तेलंगणाच्या बाजूचा मित्र मात्र म्हणतो, बरं झालं, निदान गावं ओळखणारा मंत्री होता. घ्या आता.

सिद्धेश्वरपेठ

दक्षिणवारी, तुमचा दुसरा मित्र शहाणा आहे.

वाचनमात्र

बाहेरचा, राजकारणी नसलेला माणूस राज्यपाल नेमा म्हणणाऱ्यांसाठी: पी. सी. अलेक्झांडर आयुष्यभर प्रशासकीय अधिकारी होते. १९९३ ते २००२ महाराष्ट्राचे राज्यपाल. आणि २००२ मध्ये पद सोडल्या सोडल्या कुठे गेले? राज्यसभेत, अपक्ष म्हणून. तेही महाराष्ट्रातूनच. ज्या आमदारांच्या सरकारांना शपथ दिली त्यांच्याच मतांवर.

आडवाप्रश्न

हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मग "पक्षीय राजकारण" हा शब्द पुरेसा नाही. बदलून मांडतो: ज्या राज्याचे राज्यपाल होता तिथून कधीच नाही, इतरत्र निदान पाच वर्षं थांबा. आणि किडेसाहेबांचं संरक्षण आधी, हेही मान्य.

सिद्धेश्वरपेठ

पाच वर्षं? म्हणजे आमचे साहेब २०११ मध्ये परतले असते. सत्तरीचे. २००९ ची सोलापूरची लोकसभा हातची गेली असती.

भांडारकर_रस्ता

२०१४ आणि २०१९ ला ती तशीही गेलीच की.

सिद्धेश्वरपेठ

२०१९ ला मतं फुटली होती, प्रकाश आंबेडकर उभे होते. त्यावर वेगळा धागा काढा, येतो.