ते 1351 हिजरी नाही, फसली साल आहे
वरती कुणीतरी लिहिलंय की गावच्या वाचनालयातल्या जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवर 1351 आहे, म्हणजे हिजरी (मुसलमानी चांद्र साल), म्हणजे इसवी सन 1932. नाही राव. निजामाच्या राज्यात सरकारी कामाला फसली साल, म्हणजे महसुली साल, चालायचं, इसवी सन काढायला त्यात 590 मिळवायचे, आणि जानेवारी ते सप्टेंबरमधली नोंद असेल तर 591, कारण त्यांचं वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. म्हणजे ते रजिस्टर 1941-42 चं, सरळ नऊ वर्षांचा फरक पडतो! आमच्या आजोबांचा दाखला काढताना आम्ही हीच चूक केली होती, हिशोबात आजोबा पाळण्यात असतानाच पहिलीत बसले. शेवटी परभणीत एका रिटायर मास्तरांना दाखवलं, त्यांचं शिक्षणच उर्दूत झालेलं, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पान नाकाला लावलं आन् म्हणाले, ‘अमरदाद लिहिलंय ना, म्हणजे जून, शाळा सुरू व्हायचा महिना.’ तेव्हा महिना पण बघा, आझूर, दै, बहमन अशी नावं असली की फसलीच, मोहरम-रमजान असलं तर हिजरी. आणि ती पानं उन्हात वाळवू नका बरं, शाई उडते.