अनुभव धागा: पार्लरचे गेम की घरची कॅसेट?

नव्वदीत आमच्या गल्लीच्या टोकाला व्हिडिओ गेम पार्लर होतं. चार मशिनं, चार गेम. घरी मात्र टीव्हीला जोडायचा डबा आणि '९९९९९९९ इन १'ची पिवळी कॅसेट! प्रत्यक्षात वीसेकच गेम. पुढे तेच, फक्त वेगळ्या लेव्हलपासून. तरी तुमच्या मते श्रीमंत कोण? लिहा.

आळशी कासव: पार्लर! मुस्तफासाठी. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' (कॅपकॉम, १९९३), पण ते म्हणायला वेळ कुणाला होता? तो घरच्या मशिनवर आलाच नाही, त्यामुळे रुपया घेऊन जाणं भाग. एकदा क्लास बुडवून खेळत होतो, तेवढ्यात मागून बाबांनी कॉलर धरली. माझा उरलेला मुस्तफा शेजारच्या पोराने फुकट खेळला. अजून राग आहे.

बदकमारी: आमचा 'डक हंट'. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदूक तो उजेड टिपते. मी तर नळी काचेलाच टेकवायचे, तरी नेम चुकला की कुत्रा हसायचाच. आर्केडवाल्या, म्हणजे पार्लरच्या मशिनवरच्या आवृत्तीत बोनस फेरीत त्या कुत्र्यालाही गोळी मारता येते, हे नंतर कळलं. हा अन्याय आहे! गेल्या दिवाळीत लेकीसाठी बंदूक माळ्यावरून काढली. एलईडी टीव्हीवर एक बदक पडेल तर शपथ.

तीस जीव: कॉन्ट्रा आर्केडला १९८७ मध्ये आला, घरच्या मशिनवर १९८८ मध्ये. चित्रं आर्केडचीच सरस. पण वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए अशी बटणं दाबली की घरी तीस जीव! पार्लरचा गेम तुम्हाला पटकन मारायलाच बनवलेला. तुम्ही मेला नाहीत तर मालकाचा गल्ला कसा भरणार?

एडिसनकर: माझं बालपण न्यू जर्सीतलं. एका कॅसेटीत एकच गेम, तोही वाढदिवसालाच. झेल्डाच्या सोनेरी कॅसेटीत बॅटरी होती, खेळ दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. सुट्टीत पुण्याला आले तर चुलतभाऊ म्हणे, 'आमच्याकडे लाखो आहेत.' दुपारभर यादी खाली सरकवत बसले. झेल्डा काही सापडला नाही. मारिओ सतरा वेळा सापडला.

आळशी कासव: @एडिसनकर, त्यातला एखादा आकाशात पोहणारा होता ना? आमच्याकडे तोच चालायचा, बाकीचे फुंकर मारूनही नाही.